टाचेखालचं अंतर

१२ जानेवारी

भावोजी,

पत्र फाडण्याआधी एवढं वाचा : भिंगरी बरी आहे. ताप नाही, पडझड नाही. आता फाडायचं तर फाडा.

फोन तुम्ही उचलत नाही. नऊ महिने झाले, मीही हट्टाने लावला नाही. तुमच्या छापखान्याचा पत्ता ताईच्या टेबलावरच्या पाकिटावरून उतरवून घेतला. मी लिहितोय हे तिला माहीत नाही. भावाने बहिणीच्या घरातून पत्ता चोरायचा, हे काही शोभत नाही, पण माझ्या बाकीच्या गोष्टींपुढे ही चोरी म्हणजे काहीच नाही.

विषय पायाचा आहे. मागच्या आठवड्यात फिजिओबाईंनी पुन्हा घोट्याचा कोन मोजला. पूर्वी त्या हाताने पाऊल वर दाबायच्या तेव्हा निदान काटकोनापर्यंत यायचं. आता गुडघा सरळ ठेवला की येतच नाही. टाच हवेत राहते. उजवी जास्त, डावी थोडी कमी. पोरगी नऊ वर्षांची झाली, हाडं लांब होताहेत, उंची तुमच्यावर जातेय, आणि पाय मात्र बोटांवर. वर्गातून गेटपर्यंत यायला तिला आता दोनदा थांबावं लागतं. फिजिओबाईंनी हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय. तीस तारखेला दाखवायचं आहे. ऑपरेशन सांगतील असं दिसतं.

ताईची लॅब आठ ते सहा. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासून घरी येते आणि मग हिच्या पोटऱ्या ताणत बसते. वाळलीय फार. तुमचं नाव घेत नाही. फ्रिजवरचा तक्ता मात्र तिने अजून काढलेला नाही, तुम्ही तिच्या पायाला बांधायच्या स्प्लिंटचे तास भरायचात, तो.

तुम्ही यावं असं मला वाटतं. एवढ्यासाठीच लिहिलं.

जाता जाता एक. तुम्ही इथे होतात तोवर शाळा सुटल्यावर चार वाजेपर्यंत ती माझ्या दुकानात असायची, तेव्हा स्प्लिंटचा वरचा पट्टा तिला कधीकधी टोचायचा. मी तो एक घर सैल करायचो. बाकी काही नाही. कानावर घातलेलं बरं.

तुमचा मेहुणा

२ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं उत्तर नाही. तरी डॉक्टर काय म्हणाले ते बाप म्हणून तुम्हाला कळायलाच हवं.

ताईने मला बरोबर नेलं, कारण भिंगरीला जिने चढवायला कोणीतरी हवं होतं. डॉक्टर वयस्कर आहेत, मोजकं बोलतात, पण घाई करत नाहीत. त्यांनी आधी तिच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या, मग टेबलावर झोपवून कितीतरी वेळ पोटरी नुसती चाचपली. सोनोग्राफीही केली. आपण समजत होतो की टाचेमागची ती जाड दोरी, कंडरा म्हणतात तिला, ती आखडलीय. मीही तसंच समजत होतो. चामड्याचा पट्टा भिजून वाळला की आखडतो, तसं काहीसं. ते म्हणाले, उलटं आहे. कंडरा आखूड नाही, चांगली लांबच आहे. आखूड राहिलाय तो वरचा मांसल भाग. इतर मुलांचं हाड वाढतं तसा स्नायू मागोमाग वाढतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून येणारा हुकूमच गोंधळलेला, त्यामुळे स्नायू सतत ताठ, बारीक, आणि वाढीत हाडाच्या मागे पडलेला. हाड पुढे निघून जातं, स्नायू मागे राहतो आणि टाच वर ओढली जाते.

म्हणून ते कंडरा कापायला तयार नाहीत. ती जास्त लांब केली तर टाच टेकेल, पण पायातला जोर जाईल आणि पुढे गुडघ्यात वाकून चालायची वेळ येईल. त्याऐवजी वर, स्नायूवरचं आवरण तेवढं मोकळं करायचं. आधी काही आठवडे प्लास्टर घालून जमेल तेवढं ताणून बघायचं. तारीख पंचवीस मार्च.

ताईने एकच विचारलं. घरी स्प्लिंट नीट घातलं असतं तर ही वेळ आली नसती ना?

माझी नजर भिंतीवरच्या हाडांच्या चित्रावर खिळली. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही, बाई. कदाचित तरीही आली असती. कदाचित दोन वर्षं उशिरा आली असती. कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

ताई म्हणाली, दोन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

खरं सांगतो, मला 'तरीही आली असती' एवढंच ऐकू आलं. परतताना जिन्यात भिंगरीला पाठीवर घेतलं तर अंगात हत्तीचं बळ. फाटकापाशी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पोरीचा पाय कापणार म्हणून सांगितलंय आणि मामाला हलकं वाटतंय.

पट्ट्याचं मी लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंत का, कळवा.

१७ फेब्रुवारी

भावोजी,

कार्ड मिळालं. पूर्ण कार्डावर दोनच शब्द : 'किती सैल?'

छापखान्यात राहून तुम्ही फारच कमी शाई वापरता. मी कार्ड दुकानाच्या गल्ल्यावर उभं करून ठेवलं आणि आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून काम केलं. आता लिहितो.

सैल नाही. मी काढायचो.

एक वाजता शाळा सुटली की ती समोरचा रस्ता माझा हात धरून ओलांडायची. पहिले काही महिने मी तुम्ही सांगितलं तसंच केलं. स्प्लिंट चारपर्यंत पायात. पण ती त्यात रडायची हो. आरडाओरडा नाही. बाकावर बसून गपचूप नाक ओढायची. पोटरीतून गोळे यायचे, आणि मी समोर बसून कोणा अनोळखी माणसाच्या बुटाला टाके घालायचो. एक दिवस म्हणाली, मामा, थोडा वेळ सोडव ना. सोडवलं. पाच मिनिटं. मग रोज पाच मिनिटं. मग पाचाची तीस कधी झाली आणि तिसाचे तीन तास कधी झाले, ते काही आता नेमकं आठवत नाही, किंवा आठवायचं नाही.

पुढचं ऐका. मी तिच्यासाठी बूट केले. तिच्या पायाचा लाकडी फर्मा स्वतः कोरून. टाचेखाली बुचाच्या चकत्या एकावर एक चिकटवल्या, तिची टाच जिथे हवेत राहते तिथपर्यंत, आणि वरून लाल चामडं. जमीन तिच्या टाचेपर्यंत येत नव्हती, ती मी वर आणून दिली. भावोजी, ते बूट घालून ती चालली. काही न धरता. खिडकीपासून शिलाईयंत्रापर्यंत आणि परत. दुसऱ्या आठवड्यात तर पळाली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. ती माझ्याकडे पळायची आणि तुमच्या घरी रडायची. मला ते आवडायचं. हे लिहिताना हात थांबला होता, पण आवडायचं हे खरं आहे. तुम्ही चारला दमून येणार, तिला ताणायला लावणार, ती तुमच्यावर ओरडणार आणि माझ्याकडे बघून हसणार. बायको नाही, पोर नाही, अशा माणसाला कोणी इतकं आपलं म्हटलं की तो चळतो. चळलो मी.

पावणेचारला बूट कपाटात आणि स्प्लिंट पायात. तिला सांगितलं होतं, आपलं गुपित आहे. तिने ते पाळलं. आपल्या घरात शब्दाला पक्की असलेली तीच एक.

टाच उंच मिळाली की पोटरीला ताण कसला? जितका कमी ताण, तितका स्नायू आखूडच राहायला मोकळा. हे मला डॉक्टरांकडे कळलं असं म्हणायची माझी इच्छा होती. पण फिजिओबाईंनी हेच माझ्यासमोर, माझ्या दुकानात, त्याआधी दीड वर्ष सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

हे सगळं आहे.

२० फेब्रुवारी

भावोजी,

ते सगळं नव्हतं.

तीन दिवस झाले मागचं पत्र टाकून. तुमचं उत्तर यायच्या आत हे लिहायला हवं, नाहीतर तुम्ही रागावून जे लिहाल त्याच्या आडोशाला मी पुन्हा लपेन. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची मला सवयच झालीय.

दुकानातले तीन तास मी घेतले. पण उरलेले तास तुमचे होते. तुम्ही चारपासून ती झोपेपर्यंत स्प्लिंट बांधायचात, सुट्टीच्या दिवशी सकाळीही. तक्त्यावरची तुमची प्रत्येक खूण खरी होती. आणि तरी कोन मोजला की दर वेळी आदल्यापेक्षा वाईट. ताई लॅबमधली. आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हा तिचा धर्म. म्हणून तिने ठरवलं की खोट्या खुणा करणारे तुम्ही.

स्प्लिंट खोटं होतं, भावोजी.

तुम्हीच एकदा ते माझ्याकडे दिलं होतंत, आत अस्तर लाव म्हणून, घोट्यापाशी कातडी लाल व्हायची. मी अस्तर लावलं. पण ते लावण्याआधी प्लास्टिक गरम केलं. सोल वाकवायला जी गरम हवेची बंदूक वापरतो, तीच. घोट्याच्या वाकावर धरली आणि काटकोन उघडला. फार नाही. बोटभर. पाऊल थोडं खाली झुकू दिलं की तिला गोळे यायचे नाहीत, हे मला दुकानात कळलं होतंच. वरून इतकं सुबक अस्तर शिवलं की फिजिओबाई म्हणाल्या, वा, असं काम दवाखान्यातसुद्धा होत नाही. सहा महिन्यांनी तिचा पाय वाढला, नवीन स्प्लिंट आलं. तेही तुम्ही विश्वासाने माझ्याकडेच अस्तराला दिलंत. त्याचंही तेच केलं.

म्हणजे तुम्ही दीड वर्ष, रोज, न चुकता, तिचा पाय चुकीच्या कोनात बांधत होतात. आणि ती तुमच्या हातात पूर्वीपेक्षा कमी रडते म्हणून तुम्हाला बरं वाटत होतं. तुम्ही मला तसं सांगितलंही होतं. रुळली म्हणाला होतात.

आणि त्या रविवारी तुमचं दोघांचं भांडण झालं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ताई तक्ता हातात घेऊन उभी होती. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तू रोज बघतोस. सांग हिला, मी घालतो की नाही." मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेलच. मी म्हणालो, मी दुकानात असतो, घरातलं मला काय माहीत.

तुम्ही माझ्याकडे जे पाहिलंत ना, त्यात राग नव्हता. तुम्ही बॅग भरायला आत गेलात आणि मी घरी जाऊन जेवलो. व्यवस्थित जेवलो.

पाय बिघडवला तो मायेपोटी, असं म्हणून मला स्वतःला समजावता येतं. त्या वाक्याला मात्र काही नाव देता येत नाही.

आता खरंच सगळं.

६ मार्च

भावोजी,

तुमच्या पत्रात शिवी असेल असं वाटलं होतं. तुम्ही लिहिलंत, 'हे तिला सांगितलंस का?' 'तिला' म्हणजे ताईला, असं मी धरलं.

शनिवारी सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या करत होती. मी उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर अर्ध्यावर उठून पळालो असतो. बूट, स्प्लिंट, दोन्ही वेळचं, आणि दारातलं ते वाक्य. ती घड्या घालतच राहिली. भिंगरीचा फ्रॉक तिने तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी केली. मग उठून फ्रिजपाशी गेली आणि तक्त्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे तो खरं बोलत होता," ती म्हणाली.

तेवढंच. रडली असती तर मी निदान पाणी तरी आणून दिलं असतं. नंतर शांतपणे म्हणाली की तू आता जा, आणि पोरीला दुपारी तुझ्या दुकानाऐवजी शाळेतच ठेवायची सोय मी करते. घराची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. लहानपणी मी तिची काचेची दौत फोडली होती तेव्हाही ती अशीच बोलली होती, जणू परक्याच्या मुलाशी.

पण पत्र त्यासाठी नाही. निघताना भिंगरी दाराबाहेर पायरीवर बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हिलाही सांगायलाच हवं, हिचा तर पाय आहे. मी खाली बसलो आणि म्हणालो की तुझ्या पायाचं मी चुकीचं केलं, मला माफ कर.

ती म्हणाली, "तू कुठे, मीच केलं. मीच म्हटलं होतं ना सोडव म्हणून."

मी म्हणालो, तू लहान होतीस. तिने मान हलवली. मग पायरीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवत म्हणाली, "बाबा पण त्याच्यामुळेच गेले. मी सांगणार होते त्यांना. पण गुपित होतं."

भावोजी, जवळजवळ अकरा महिने. तुम्ही गेलात तेव्हापासून ही पोर रोज असं समजून उठतेय की तिने पट्टा सोडवायला सांगितला म्हणून तिचा बाप घर सोडून गेला. फिजिओबाईंनी घेतलेल्या प्रत्येक मापाबरोबर तिला वाटत असणार, अजून थोडं माझंच. आणि हे ओझं तिच्या पाठीवर मी ठेवलं, दोन शब्दांत. आपलं गुपित. तुम्हाला वाटत असेल की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाही आलं. मी तिथून उठून चालू लागलो. अर्ध्या रस्त्यातून परत आलो, पण तोपर्यंत दार लागलं होतं.

मी हजार वेळा सांगितलं तरी ती माझं मानणार नाही. का मानावं? मी तिला खोटं बोलायला शिकवणारा माणूस. तुम्ही सांगितलंत तर मानेल. ताईशी बोलू नका हवं तर. माझं तोंड पाहू नका. ऑपरेशनला या, आणि तिला सांगा की तुम्ही तिच्यामुळे गेला नव्हतात.

मी दवाखान्याच्या आसपासही दिसणार नाही. हा शब्द पाळीन.

२९ मे

भावोजी,

तुम्ही ऑपरेशनला आलात, राहिलात, आणि छापखान्यातला कामाचा करार संपवायला परत गेलात त्याला सहा आठवडे झाले. गाडीत बसताना तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात. एक, तुला माफ केलेलं नाही. दोन, प्लास्टर निघालं की व्यायामाला तिच्याबरोबर जायचंस, ताईची सुट्टी पुरणार नाही, आणि काय झालं ते मला लिहायचंस, खरं. ताई हो म्हणाली ते तुमच्या शब्दाखातर. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते. 'पिशवी घे.' 'रिक्षा थांबव.' एवढं मिळतं तेही माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.

तुम्ही दवाखान्यात पोरीला काय सांगितलंत ते मी विचारलं नाही. पण ती आता माझ्यावर चिडते. चांगली चिडते. परवा म्हणाली, तू मोठा होतास, तुला कळायला हवं होतं. ऐकून मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला समजेल.

प्लास्टर निघाल्यानंतरचा सहावा व्यायाम काल झाला. ताईही रजा काढून आली होती. पोटऱ्या दोन्ही बारीक झाल्यात, मनगटासारख्या. फिजिओबाई म्हणतात भरतील, वेळ लागेल, आणि वाढीच्या वयात हे पुन्हा मागे पडू शकतं, तेव्हा कोणी ढिलाई करायची नाही. असं म्हणताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्यांचा तेवढा मोठेपणा. नवीन स्प्लिंटचं अस्तर त्यांच्याच माणसाने लावलंय. शिवण जाडीभरडी आहे. कोन बरोबर आहे.

खोलीत दोन लांब दांड्या आहेत, कमरेइतक्या उंच, त्यांच्यामधून चालायचं. भिंतीला बाक. मी आणि ताई त्यावर, मध्ये पिशवी. भिंगरी उभी राहिली. तिसऱ्या पावलाला तिचे हात सुटले आणि ती गुडघ्यांवर बसली. जोरात नाही. पण चेहरा तोच, दुकानातल्या बाकावरचा, नाक ओढणारा. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. ताईकडे नाही, फिजिओबाईंकडे नाही. 'सोडव' असं ती म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं, आणि मी अर्धा उठलोही होतो.

ताईने पुढे बघतच माझ्या दंडाला धरलं. "बस," ती म्हणाली. "तिला उठू दे."

मी बसलो. भावोजी, दीड वर्षात जे मला जमलं नाही ते हेच होतं. ती धडपडत होती आणि मी बसलो होतो. घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ ते सांगता येत नाही, पण खूप. आधी एक गुडघा, मग दांडीवर एक हात, मग शिव्या, हो, शिव्याच, कुठून शिकली देव जाणे, छापखान्यातल्या असाव्यात. मग उभी. ताईचा हात माझ्या दंडावर तसाच होता. ती विसरली असेल. मी हललो नाही.

उठल्यावर ती सहा पावलं चालली. ताई घरी जाताना रिक्षात म्हणाली की लिही त्याला, सहाही वेळा टाच टेकली. तिला तसं दिसलं असेल, आईच ती. मी खाली वाकून बघत होतो. सहापैकी चार वेळा टेकली. उजवी दोनदा राहिली.

तुम्ही खरं लिहायला सांगितलंय, म्हणून चार.